कंसातलं पोट

आमच्या गावाच्या नावात कंस आहे. सिंदी (रेल्वे). वर्ध्याला चिकटून आणखी एक सिंदी आहे, ती सिंदी (मेघे). घोटाळा नको म्हणून आमच्या वाट्याला रेल्वे आली. नागपूरहून वर्ध्याकडे निघालात की बुटीबोरी जातं, बोरखेडी जातं, मग आम्ही. बऱ्याचशा एक्स्प्रेस आमच्या फलाटावर नुसती धूळ उडवून पुढे पळतात. २००७ साली पुण्यात नोकरीला लागले तेव्हा एचआरच्या मुलीने फॉर्म बघून विचारलं होतं, "हे ब्रॅकेटमध्ये रेल्वे काय आहे? तुमचा क्वार्टर?" मी हसले. तेव्हा मी सगळ्याच गोष्टींवर हसायचे. जाड मुलींना ते करावं लागतं.

दुसरा कंस माझ्या पोटात आहे, जानेवारी २०१० पासून. त्याला गॅस्ट्रिक बँड म्हणतात. आज तो बसवून घेणारं तुम्हाला जवळपास कुणी भेटणार नाही, कारण डॉक्टर मंडळी कधीच स्लीव्ह आणि बायपासकडे वळलीयेत. म्हणजे माझ्या पोटात जुनं मॉडेल आहे. त्या वर्षी हातात होता तो नोकिया केव्हाच भंगारात गेला, पण हा बँड अजून ड्युटीवर आहे. त्याच्यासोबत पंधरा वर्षं कशी काढली ते सांगते. सल्ला म्हणून वाचू नका प्लीज. सल्ल्यासाठी डॉक्टर आहेत, आणि फुकटच्या सल्ल्यासाठी नातेवाईक.

सुतळी आणि पोतं

आधी फंडा समजून घ्या. धान्याच्या पोत्याला तोंडापासून चार बोटं खाली सुतळी बांधली तर वर एक छोटी पिशवी तयार होते आणि खाली मोठं पोतं राहतं. दोन्हींच्या मध्ये बारीक वाट. बँड म्हणजे ती सुतळी. सिलिकॉनची पोकळ रिंग, तिच्या आतल्या बाजूला फुगा. रिंगेपासून एक बारीक नळी निघते आणि पोटाच्या कातडीखाली, स्नायूवर शिवलेल्या एका बटणाला जाऊन मिळते. त्याला पोर्ट म्हणायचं. सायकलच्या ट्यूबचा व्हॉल्व्ह असतो ना, तसंच काम. डॉक्टर वरून खास सुई टोचतात, सलाइनचं पाणी भरतात, फुगा फुगतो, वाट अरुंद होते. पाणी काढलं की वाट मोकळी. काही कापायचं नाही, आतड्याची जोडाजोडी नाही, नको झालं तर काढता येतं. दुर्बिणीतून असा बँड पहिल्यांदा बसवला तो बेल्जियममध्ये, १९९३ साली, डॉ. मितिकू बेलाच्यू यांनी. अमेरिकेच्या एफडीएने २००१ मध्ये मान्यता दिली आणि मग जगभर त्याची चलती झाली. 'काढता येतं' या दोन शब्दांवर मी फिदा झाले होते. अ‍ॅमेझॉनची रिटर्न पॉलिसी इथे आली नव्हती, तरी मनोवृत्ती तीच.

माझी उंची पाच फूट पाच इंच. वजन १२४ किलो. बीएमआय पंचेचाळीसच्या वर. चाळीसच्या वर असलं की ऑपरेशनचा विचार करायचा, हा तेव्हाचा जगभरचा नियम. भारतीयांना मधुमेह नि हृदयरोग कमी वजनावरच गाठतात, म्हणून आपल्याकडे ती रेघ आणखी खाली ओढलेली. म्हणजे मी कुठल्याही पट्टीने पास. त्याआधीचे प्रयोग सांगत बसत नाही. सात दिवसांचं जीएम डाएट चार वेळा, जिमची वर्षभराची मेंबरशिप अकरा दिवस, आणि एका स्लिमिंग सेंटरमध्ये पोटाला पट्टा बांधून थरथरत बसणं. पट्ट्याने पाकीट हलकं झालं, बस.

खरं कारण वेगळं होतं. स्टेशनरोडवर बाबांचं किराणा दुकान होतं. २००८ च्या उन्हाळ्यात दुपारी दुकानातच ते गेले. वय चोपन्न. डायबिटीस होता, बीपी होतं, अंगाने माझ्यासारखेच. लोक आईला म्हणत होते, "देवमाणूस होता बाप्पा." मी मात्र तिरडीला किती माणसं लागली ते मोजत होते. असला विचार त्या वेळी डोक्यात यायला नको होता. पण आला, आणि गेला नाही.

गोटी

पैसे साडेतीन लाख. कंपनीच्या मेडिक्लेमने चार ओळींत नकार पाठवला: लठ्ठपणावरचे उपचार पॉलिसीत बसत नाहीत. (आता चित्र थोडं बदललंय. २०१९ च्या आयआरडीएआयच्या नियमांनंतर चाळीसच्या पुढचा बीएमआय, किंवा पस्तिसाच्या पुढे आणि सोबत गंभीर आजार, असं असेल तर अशी ऑपरेशन्स विम्यात बसू शकतात. पॉलिसीतली बारीक अक्षरं मात्र वाचा.) मी पर्सनल लोन काढलं. बरोबरच्या मुली गाडीसाठी लोन काढत होत्या.

आईला सांगितलं, पोटाचं छोटंसं ऑपरेशन आहे. ती अपेंडिक्स समजली आणि मी समजू दिलं. दुर्बिणीच्या ऑपरेशनआधी पोटात गॅस भरतात, तो नंतर खांद्यात चढतो. पोटापेक्षा खांदाच जास्त ठणकला. आई नागपूरहून रात्रभर प्रवास करून आली ती डब्यात शंकरपाळे घेऊन. मला तर पंधरा दिवस फक्त पातळ: वरणाचं पाणी, ताक, सूप. ती शंकरपाळे घेऊन परत गेली.

बिंग फुटलं दोन महिन्यांनी, सिंदीच्या घरी. आई मला तेल लावून देत होती. तिचा हात पोटावर एका जागी थांबला. पोर्ट. बारीक झाल्यावर तो हाताला चांगलाच लागतो.

"हे काय वं? गाठ हाय का?"

तिचा आवाज असा झाला होता की मी घाईघाईने सगळं सांगून टाकलं. रिंग, फुगा, सलाइन, लोन, सगळं. ती बराच वेळ तेलाची वाटी हातात धरून बसली. मग म्हणाली, "म्हंजे माह्या हातचं जेवण बंद करायले तू पैसे देल्ले?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. अजूनही नीट नाही.

वीस वेळा चाव

बँडसोबत जगणं म्हणजे काय? तर घास हरभऱ्याएवढा. वीस-पंचवीस वेळा चावायचा. दोन घासांच्या मध्ये थांबायचं. जेवताना पाणी नाही, जेवल्यावर अर्धा तास नाही. पाण्याने घास धुपून खाली जातो आणि वरची पिशवी रिकामी होते, मग भूक परत दारात. छोटी ताटली, आधी डाळ-अंडं-पनीर, मग भाजी, पोळीचा नंबर शेवटचा. आणि शरीर देतं तो इशारा ओळखायचा. काहींना उचकी येते, काहींना शिंक. माझं नाक गळतं. नाक गळायला लागलं की पुढचा घास घ्यायचाच नाही. घेतला तर अडकतो. अडकतो म्हणजे छातीच्या मधोमध कुणीतरी मूठ रोवून उभं राहतं, तोंडात फेसासारखी लाळ सुटते आणि बाथरूमकडे पळावं लागतं. जेवणाच्या टेबलावरून मी जेवढ्या वेळा "एक कॉल आलाय" म्हणून उठलेय, तेवढे कॉल माझ्या बॉसलाही येत नसतील.

सहा आठवड्यांनी पहिलं 'फिल' झालं. थोडंसं सलाइन भरलं, मग काही महिन्यांनी आणखी थोडं. दर वेळी अर्धा मिलिलिटर इकडे की तिकडे यावर माझा पुढचा महिना ठरायचा. जास्त सैल असला की दोन पोळ्या सहज जायच्या. जास्त घट्ट असला की सकाळचा चहासुद्धा वर थांबायचा. बारीक होण्याच्या घाईत मी डॉक्टरांना सांगायची, अजून थोडं भरा ना. ते भरायचे नाहीत. तेव्हा राग यायचा.

ऑफिसात गंमत वेगळीच. टीम लंचला बुफे, माणशी साडेचारशे, आणि मी दोन चमचे दालफ्राय नि पनीरचे तीन तुकडे खाऊन गप्प. "डाएट? सॉलिड विलपॉवर यार!" विलपॉवर नव्हती, सिलिकॉन होतं. पण ते कौतुक मी दीड वर्ष गिळत राहिले. तेवढं एक कधी अडकलं नाही. २०११ च्या अखेरीस वजन ९३ वर आलं. एकतीस किलो. कुणी विचारलं तर "चालायला लागले" असं सांगायची. त्याच वर्षी नागपूरच्या नितीन गडकरींनी मुंबईत वजन कमी करायची शस्त्रक्रिया करून घेतली. पेपरात आलं, टीव्हीवर आलं, आणि आमच्या गल्लीतल्या मोठ्या आईने मला बघून थेट विचारलं, "तूनं बी गडकरीसाहेबासारखं केलं का वं?" मी "नाही बा" म्हणाले. एवढा मोठा नेता लपवत नाही, आणि मी किराणा दुकानदाराची पोरगी लपवून राहिली.

का लपवलं? कारण 'शॉर्टकट' हा शब्द. ज्यांना तो म्हणायचा आहे त्यांनी एकदा आमच्या घरचं आलू-वांगं आणि रोडगा समोर ठेवून चाळीस मिनिटं बसून बघावं.

जे जातं, जे जात नाही

रोडगा म्हणजे वैदर्भीय जेवणाची शान. कणकेचे थर, गोवऱ्यांच्या आरावर भाजलेले, वरून तूप. बँडवाल्याने तो लांबूनच बघायचा. संत्र्याच्या भागात वाढले मी, पण संत्र्याची फोड जात नाही. फोडीवरची पातळ साल काढायची, आतले रवाळ दाणे तेवढे खायचे. एका संत्र्याला पाव तास लागतो. ज्वारीची भाकर वरणात पार भिजली तर जाते. गरम मऊ खिचडी जाते. गार झालेला भात गोळा होऊन बसतो.

आणि आता बँडवाल्यांचं गुपित सांगते. गोड सगळं जातं! आइस्क्रीम वितळतं आणि सुळकन खाली. चॉकलेटही तसंच. वर्ध्याचा गोरसपाक चहात बुडवला की असा विरघळतो की बँडला पत्ता लागत नाही. भाकरीला अडवणारा हा पहारेकरी गोरसपाकाला सलाम ठोकतो. पोटाला बांधलेली सुतळी डोक्यातल्या भुकेपर्यंत पोचत नाही. बाबांची आठवण आली, बॉसने झापलं, रविवारची संध्याकाळ रिकामी गेली, की मी गोरसपाकाचा डबा उघडायची. ९३ वरून हळूहळू ९९. आहारतज्ज्ञ बाई दर भेटीत हेच विचारायच्या: काय खाता ते राहू द्या, केव्हा खाता? मला ते प्रश्न आवडायचे नाहीत. मी त्यांच्या अपॉइंटमेंट बुडवायला लागले, आणि आज कुणी विचारलं तर सगळ्यात मोठी चूक मी हीच सांगेन.

आमच्या लाइनीवर सिंदीच्या पुढे काही स्टेशनांवर सेवाग्राम आहे. गांधीजींच्या एकादश व्रतांमधलं एक व्रत अस्वाद, म्हणजे जिभेसाठी खायचं नाही. शाळेच्या सहलीत ते भिंतीवर वाचून आम्ही मुली हसलो होतो आणि बाहेर येऊन भेळ खाल्ली होती.

सांगायचं की नाही

२०१३ ला लग्नाचं बघणं सुरू झालं. आईचं म्हणणं स्पष्ट होतं, "काही सांगाची गरज नाही. दिसते का ते?" दिसत नव्हतं. पाच छोटे व्रण आणि एक गोटी. पहिल्या दोन स्थळांना नाही सांगितलं, ती आपोआप मोडली. तिसरा मुलगा हिंगणघाटचा, नागपुरात बँकेत. आम्हाला 'बोलायला' म्हणून बाहेर पाठवलं तर तो पठ्ठ्या तर्री-पोह्याच्या गाडीवर घेऊन गेला. पहिल्याच घासाला माझं नाक गळायला लागलं. तर्रीमुळे की बँडमुळे, माझं मलाच कळेना. त्याने रुमाल पुढे केला. मी पोहे बाजूला ठेवले आणि सांगून टाकलं. त्याने एकच विचारलं, "मग तुझे पोहे मी खाऊ का?"

लग्न झालं, पुणं सुटलं, मी नागपुरात नोकरी धरली. सासूबाईंना सांगायला एक वर्ष लागलं. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि दुसऱ्या दिवसापासून माझ्यासाठी वेगळी मऊ खिचडी टाकायला सुरुवात केली. रोज. सलग तीन आठवडे. शेवटी मीच म्हणाले, आई, पुरे.

२०१५ मध्ये दिवस गेले तेव्हा बँडमधलं सगळं पाणी काढून घेतलं. बँड आत, पण सैल. बाळाला पोषण मिळायला हवं, आणि उलट्यांच्या दिवसांत बँड घट्ट असणं धोक्याचं. पाच वर्षांनी मी पहिल्यांदा एक आख्खी पोळी न थांबता खाल्ली. काय सांगू तुम्हाला! आणि भीतीही तेवढीच, कारण दुसरी पोळीही गेली. मुलगी झाली २०१६ मध्ये. बाळंतपणासाठी सिंदीला होते. आईने पाच महिने मनसोक्त वाढलं. तिच्या दृष्टीने पोरगी परत आली होती.

एप्रिल २०२०

बाळंतपणानंतर परत पाणी भरलं, परत ९५ च्या आसपास आले. मग लॉकडाऊन. नवऱ्याची बँक सुरू, माझं वर्क फ्रॉम होम, म्हणून मुलीला घेऊन मी सिंदीला आईकडे. रेल्वे बंद. जन्मापासून ज्या आवाजावर घड्याळ लावलं ते सिंदी स्टेशन गप्प झालं. रात्री मालगाडी गेली की बरं वाटायचं.

एका रविवारी आईने रोडगे केले. मी म्हटलं, एक तुकडा. खरं सांगायचं तर तीन. व्हिडिओ कॉल चालू होता, चावायचं भान राहिलं नाही. अडकलं. नेहमीसारखं निघून जाईल म्हणून थांबले. रात्रभर उलट्या, आणि उलट्यांनी आतून सूज. सोमवारी पाण्याचा घोटही जाईना. मंगळवारी थुंकीसुद्धा. गावातल्या डॉक्टरांनी सलाइन लावलं, पण पोर्टमधून पाणी काढायची सुई त्यांच्याकडे नव्हती, आणि त्यांनी असा बँड कधी बघितलाही नव्हता. त्यांचा दोष काय? पुण्याच्या सर्जनना फोन केला. ते म्हणाले, आजच्या आज पाणी काढायलाच हवं, नागपूर गाठा.

चुलतभावाने भाजीचा छोटा हत्ती काढला. आई मुलीला घेऊन दारात उभी. ती काही बोलली नाही, फक्त चूल विझवून आली. बुटीबोरीच्या अलीकडे नाक्यावर पोलिसांनी थांबवलं. "पेशंट कोण?" बसलेली, डोळे उघडे, अंगाने बऱ्यापैकी भरलेली बाई बघून त्यांना पटेना. "काय झालं?" भाऊ म्हणाला, "पोटात रिंग हाय साहेब, आवळली." पोलिसाने माझ्याकडे बघितलं. मी ड्रेस थोडा सरकवून पोर्टवर बोट ठेवलं. दहा वर्षं जगापासून लपवलेली गोष्ट मी हायवेवर एका अनोळखी माणसाला दाखवत होते. त्याने लगेच बॅरिकेड बाजूला केलं.

नागपुरात कोविडच्या धांदलीत तीन तास बाकावर काढले. मग एक तरुण सर्जन पीपीई किटमध्ये आले, बोटांनी पोर्ट चाचपला, सुई घातली. सिरिंजमध्ये पाणी येताना मी बघत होते. पाचेक मिलिलिटर असेल. नर्सने ग्लास पुढे केला. मी एक घोट प्यायले. छातीतून खाली, पोटात. अर्धा लिटर पाणी मी रडत रडत संपवलं.

घरी आले तर आईने उरलेले रोडगे गाईला घालून टाकलेले. पुढे वर्षभर तिने ते केलेच नाहीत. मी कितीदा म्हटलं, इतरांसाठी तरी कर. नाही म्हणजे नाही.

आता

त्यानंतर पाणी पुन्हा भरलं, पण थोडंच. आज वजन १०३ आहे. यंदा बेरियम पाजून एक्स-रे काढला, तर बँडच्या वरची अन्ननलिका थोडी रुंदावलेली दिसली. वर्षानुवर्षं अडवणूक झाली की होतं असं. बँड सरकतो, जठरात रुततो, पोर्टला गळती लागते, म्हणून तर जगभर तो मागे पडला आणि बसवलेल्यांपैकी बऱ्याच जणांचे काढावे लागले. माझा सरकला नाही, रुतला नाही. तरी सर्जन म्हणतात, आता काढू या. पुढे काय, तर दोन वाटा. काही महिन्यांनी स्लीव्ह, म्हणजे जठराचा मोठा भाग कापून टाकायचा. ते मात्र रिटर्न होत नाही. किंवा आठवड्याला एक इंजेक्शन. मौंजारो आणि वेगोव्ही २०२५ मध्ये आपल्याकडे आली, आणि माझ्या ऑफिसातले निम्मे लोक त्याबद्दल कॅन्टीनमध्ये बिनधास्त बोलतात. पंचविशीची एक मुलगी परवा सगळ्यांसमोर म्हणाली, "ताई, भूकच लागत नाही, डोक्यातला आवाजच बंद!" मला तिचा हेवा वाटला. औषधाचा कमी, मोठ्याने बोलण्याचा जास्त. मी तिथेच, डबा खात असलेल्या सहा जणांसमोर, पोर्टबद्दल सांगितलं. एकाने विचारलं, "एअरपोर्टवर वाजतो का?" नाही वाजत बाबा, निदान माझा तरी कधी वाजला नाही.

मी अजून वाट निवडलेली नाही. आधी बँड निघणार, एवढं ठरलंय. तारीख पोळ्यानंतरची मागून घेतली. आमच्या सिंदीचा तान्हा पोळा प्रसिद्ध आहे. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पोरं लाकडी नंदी सजवून रस्त्यावर आणतात, काहींचे नंदी तर मोठ्या माणसाएवढे. माझी मुलगी यंदा तिचा छोटा बैल ओढत घरोघरी बोजारा मागत फिरली. नऊ वर्षांची आहे, अंगाने माझ्यावर गेलीय. शेजारच्या काकूंनी तिच्या हातावर दहा रुपये ठेवले आणि गाल ओढून म्हणाल्या, "कोणत्या चक्कीचं पीठ खाते वं?" ती हसली. मला ते हसू ओळखीचं वाटलं. मी तिचा हात धरला आणि काकूंना म्हणाले, "आमच्याच चक्कीचं. आणि तिला असं नका म्हणू, काकू."

घरी पोचलो तर आई चुलीपाशी बसली होती. पाच वर्षांनी गोवऱ्या पेटवल्या होत्या. "पोरीसाठी केले," ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "तुले वरण हाय." मग एका रोडग्याचा आतला मऊ थर तिने काढला, वरणात टाकला, बोटांनी पार कुस्करला, आणि वाटी माझ्याकडे सरकवली. "सावकाश," ती म्हणाली, आणि माझं नाक गळतंय का ते बघत बसली.